मदत हवी आहे: फ्लिंटलॉकमध्ये रंजक पेटते, पण बार उशिरा उडतो

नमस्कार मंडळी,

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे २६ डिसेंबरपासून हरणांच्या शिकारीचा जो हंगाम सुरू होतो, तो खास फ्लिंटलॉकवाल्यांचा, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणाऱ्या ठासणीच्या बंदुकांचा. त्याआधी हात बसवायचा आहे. १८व्या शतकात लँकेस्टरकडचे जर्मन कारागीर लांब नळीच्या रायफली घडवत, त्या घाटाची ५० कॅलिबरची नवी रायफल घेतली आहे. फार देखणी आहे, आणि ती नीट चालवायला शिकायचंच आहे.

अडचण अशी: चाप ओढला की ठिणग्या पडतात, पॅनमधली (नळीबाहेरच्या छोट्या वाटीतली) रंजक, म्हणजे मुख्य बार पेटवणारी चिमूटभर दारू, भपकन पेटते, मग क्षणभर काहीच नाही आणि त्यानंतर बार उडतो. कधी नुसती रंजकच जळते. (तेव्हा नळी निशाण्याकडेच रोखून चांगलं मिनिटभर थांबतो.) उशीर दरवेळी वेगळा, त्यामुळे ५० यार्डांवर गोळ्या कागदभर विखुरतात.

०.४९० इंची शिशाची गोल गोळी, तिच्याभोवती ०.०१५ इंच जाडीचं सुती कापड, ७० ग्रेन थ्री-एफ (बारीक दाण्याची) काळी दारू, रंजक म्हणून त्याहून बारीक फोर-एफ. दारू खरी काळीच; पर्यायी दारू पेटायला जास्त उष्णता लागते, ती इथे उपयोगाची नाही.

लॉकवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेवर, माझा संशय नाही. गार (गारगोटी) कातड्यात घट्ट धरली आहे, तिची धार फ्रिझनवर, म्हणजे ती जिथे आपटते त्या पोलादी पट्टीवर, सपाट बसते. गार उलटी लावून पाहिल्यावर ठिणग्या थेट पॅनच्या मध्यावर पडू लागल्या. संशय आहे तो कानावर, म्हणजे पॅनमधून नळीत जाणाऱ्या भोकावर. त्यात १/१६ इंची ड्रिल जात नाही. शिवाय नळीच्या बुडाशी दारूची जागा अरुंद आहे. साफसफाईचं तेल तिथे साचत असेल का? भरण्याआधी कोरडं कापड फिरवतो, पण ते त्या अरुंद जागेपर्यंत पोहोचत नाही.

भोक १/१६ पर्यंत वाढवावं, की आतून शंकूसारखं कोरलेलं नवं लायनर (भोकात बसवायची पुंगळी) बसवावं? रंजक भोकाच्या खाली ठेवावी की अगदी तोंडाशी? भोक रंजकेने बुजलं तर ती वातीसारखी जळत आत जाते, असं जुनेजाणते सांगतात. काहीजण नेमकं उलट सांगतात. तुम्ही स्वतः दोन्ही करून पाहिलंय का?

दुसरं, रंजक भडकताना डोळे मिटू नयेत म्हणून गारेच्या जागी लाकडाचा तुकडा लावून सराव करतोय. आणखी काय करावं?

कोकणात ठासणीच्या बंदुका हाताळलेल्यांनीही जरूर लिहा. दमट हवेत जळक्या दारूची काजळी ओल धरते, ती दोन बारांच्या मध्ये कशी काढता? लॉकचा स्लो-मोशन व्हिडिओ हवा असेल तर टाकतो.