आकडा कुठला, ते आधी बघा
निपाणीच्या मॅडमनी विचारलंय, अपस्माराच्या (फिट्सच्या आजाराच्या) एकाच संशोधकाचा एच-इंडेक्स गूगल स्कॉलरवर जास्त आणि स्कोपसवर कमी का दिसतो. एच-इंडेक्स २० म्हणजे २० निबंधांचं प्रत्येकी किमान २० वेळा उद्धरण, म्हणजे दुसऱ्या निबंधांत उल्लेख; स्कॉलर आणि स्कोपस ही ते मोजणारी दोन ठिकाणं. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच टाकलेले निबंध) सुद्धा मोजतं. स्कोपस निवडक नियतकालिकांवर चालतं. दोन संशोधकांची तुलना करायची तर आकडे एकाच ठिकाणचे घ्या, स्व-उद्धरणं (स्वतःच्याच निबंधांचे स्वतः केलेले उल्लेख) वगळून. आपल्याकडच्या पाटील-कुलकर्णींची प्रोफाइलं एकमेकांत मिसळतात, तेही तपासा.

पण खरी गोम पुढंच आहे. उद्धरण कशासाठी झालंय? रेसीन यांची १९७२ ची झटक्यांची पाच पायऱ्यांची मोजपट्टी विजेच्या उत्तेजनेनं केलेल्या किंडलिंगवरची, म्हणजे मेंदूला पुन्हापुन्हा सौम्य उत्तेजना देऊन झटके वाढवत नेण्याच्या प्रयोगावरची. बेळगावातल्या फार्मसी कॉलेजात उंदरांना पीटीझेड (झटके आणणारं रसायन) टोचलं तरी कार्यपद्धतीत तिचाच उल्लेख येतो, तोही बऱ्याचदा पायऱ्या बदलून! पीटीझेडमधल्या झटक्यांचा क्रम वेगळा असल्यानं तसं करावं लागतं; बदल लिहिला नाही तर मोजपट्टीवरच्या गुणांची तुलनाच होत नाही. उलट क्वान आणि ब्रॉडी यांचा २००० चा निबंध निष्कर्षासाठी उद्धृत होतो: ५२५ रुग्णांपैकी ६३ टक्के झटकामुक्त, पहिलं औषध लागू पडलं नाही तर पुढच्यानं थोड्यांनाच गुण.

आयएलएई या अपस्मारावरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१७ च्या वर्गीकरणासारख्या निबंधांना लेखक बरेच, आणि प्रत्येकाच्या खात्यात उद्धरणं पूर्ण जमा होतात. एच-इंडेक्स वाटणी करत नाही.