मदत हवी आहे : ट्रॅक्टर यायच्या आत गावातल्या सगळ्या मुलांची एकच यादी कशी करून घ्यावी?

सर्वांना नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली एका मुलीबद्दल लिहिलंय आणि ती ओळखू यायला नको.

आमच्याकडं निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) पावसाळ्यातच घेऊन झालेली असते. दिवाळीच्या आसपास ट्रॅक्टर येतात आणि दोन-तीन रात्रींत गल्ल्या रिकाम्या होतात. माणसं परत येतात ती पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात.

मुलांची नोंद ठेवणारे गावात पाच-सहा जण आहोत. माझ्या वहीत सहा वर्षांपर्यंतची लेकरं, शाळेच्या पटावर त्यापुढची, आशाताईकडं गरोदर आणि बाळंतिणी, ग्रामसेवकांकडं जन्मनोंदी. पण एखादं घर गेलं तर त्यातलं कोण गेलं, कोण मागं राहिलं आणि कुणाजवळ राहिलं, हे एकाही वहीत सापडत नाही. मागच्या हंगामात दोन वर्षांचं एक लेकरू माझ्याकडं ‘स्थलांतरित’ म्हणून लिहिलं होतं. ते लांबच्या वस्तीवर आजीजवळच होतं आणि आजीला नीट दिसत नाही. फेब्रुवारीत आशाताईला दिसलं. आम्ही काट्यावर ठेवलं तर दिवाळीआधीच्या वजनापेक्षा कमी भरलं. चार महिने त्याचा आहार माझ्याकडून सुटला. ते अजून मनातून जात नाही.

शाळेचंही तसंच. एक चौथीतला मुलगा आईबापाबरोबर तिकडं गेला. तिथल्या एका शाळेनं दाखला मागितला, तो नव्हता, म्हणून पोरगं पाच महिने कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, बसून राहिलं. परत आल्यावर इथं पटावर होताच, म्हणजे कागदावर त्याची शाळा एक दिवसही सुटली नाही.

आणि चौदा ते अठराच्या मुली. त्यांचं तर कुणाकडंच काही नाही. किशोरींची योजना आता केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांपुरती राहिली, आमचा जिल्हा त्यात नाही. गावात शाळा आठवीपर्यंत. पुढचं हायस्कूल सहा किलोमीटरवर. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण गाडी फाट्यापर्यंतच येते. आठवी झाली की मुलगी घरी बसते.

अशीच एक पंधरा वर्षांची मुलगी रोज तीन वर्षांच्या भावाला माझ्याकडं सोडायला येते. बाकीच्या लेकरांना भिंतीवरच्या चित्रांची नावं मोठ्यानं वाचून दाखवते, मगच जाते. परवा तिच्या हातात नव्या हिरव्या बांगड्या दिसल्या. विचारलं तर मान खाली घातली. सुपारी फुटलीय म्हणे. चातुर्मासात मुहूर्त नाही, तरी जायच्या आधी घरच्या घरी अक्षता टाकणार. तिची आई मला म्हणाली, “ताई, मागं ठेवू तर कुणाच्या भरवशावर? आन् जोडीनं गेली तर एक कोयता वाढतो.” कोयता म्हणजे ऊस तोडणारं एक जोडपं. त्या आईवर मला राग धरता येत नाही.

आमच्या ग्राम बाल संरक्षण समितीची सदस्य सचिव मीच आहे. सरपंच अध्यक्ष. समिती कागदावर आहे, बैठक वर्षातून एकदा, सह्यांपुरती. मला हे विचारायचंय की या सगळ्यांना एका सतरंजीवर बसवून घरवार एकच यादी करायला लावण्याचा अधिकार नेमका कुणाचा? मी बोलावलं तर कुणी येत नाही. आणि त्या मुलीचं काय करू? लग्न थांबवलं आणि ती परत त्याच घरात, त्याच अडचणीत राहिली, तर दोन महिन्यांनी दुसरीकडं नेऊन उरकतील.

प्रतिसाद : निवृत्त केंद्रप्रमुख

ताई, तुम्ही समितीच्या नावानं बोलावू नका, ग्रामसभेच्या ठरावानं बोलवा. २ ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ आलीय. तिच्याआधी महिलांची सभा घ्यावीच लागते, कायद्यातच आहे. तिथं बायांकडून ठराव करून घ्या की स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक घराची यादी मुख्याध्यापक, अंगणवाडी, आशा, पोलीस पाटील आणि ग्रामसेवक एकत्र बसून करतील. तो ग्रामसभेत कायम करा आणि प्रत गटविकास अधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. गटशिक्षणाधिकारी आणि तुमच्या बालविकास प्रकल्प अधिकारी मॅडम, दोघांनाही तीच प्रत. प्रत्येकाला वेगळं पत्र दिलं की प्रत्येकजण दुसऱ्याकडं बोट दाखवतो, हे मी पूर्ण नोकरीभर पाहिलं.

ती यादी झाली की त्याच यादीवर शाळा व्यवस्थापन समितीनं हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव लगेच पाठवावा. मूल आजी-आजोबांजवळ राहतं, जेवण शाळेत मिळतं. प्रस्ताव उशिरा गेला की मंजुरी येते तेव्हा पोरं फडात असतात. आणि ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करावे लागतात, हे सरपंचांच्या कानावर घाला.

प्रतिसाद : सांगलीकडचा शिक्षक

आमची शाळा कारखान्यापासून जवळ आहे, दर हंगामात तुमच्याकडची मुलं येतात. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये तसं स्पष्ट आहे, आणि स्थलांतरित मुलांना प्रवेश मिळतोय हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे. तरी निघताना प्रत्येकाच्या हातात शिक्षण हमी कार्ड, म्हणजे मूल कितवीत आहे हे दुसऱ्या शाळेला सांगणारं कार्ड, द्याच. ते आणलेलं मूल आमच्याकडं त्याच दिवशी वर्गात बसतं.

खरी अडचण ही की मुलं आलीत हे आम्हालाच डिसेंबरात कळतं. म्हणून यादीत एक रकाना वाढवा : कारखाना कोणता, मुकादम कोण, आणि गाडी सेंटर की डोकी सेंटर. गाडी सेंटरचे बैलगाडीवाले एका जागी राहतात, त्यांची मुलं शाळेत टिकतात. डोक्यावर मोळ्या वाहणारी डोकी सेंटरची टोळी गावोगाव फिरते, त्या मुलांना शक्यतो मागंच ठेवा. कोप्या कुठं पडल्या हे चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, सगळ्यात आधी माहीत असतं. आम्ही त्यालाच धरून ठेवलाय.

प्रतिसाद : पूर्वी बाल कल्याण समितीवर काम केलेली

मुलीबद्दल. ताई, घाई करा. अठराच्या आत लग्न होण्याचा धोका असलेली मुलगी बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरते. म्हणजे गुन्हा घडण्याची वाट बघायची नाही, आईवडिलांवर तक्रारही करायला नको. १०९८ वर कळवा, नाव सांगितलं नाही तरी चालतं. तिथून जिल्हा बाल संरक्षण कक्ष घरी येईल. तुमचे ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंध अधिकारी आहेत, त्यांना सोबत घ्या. जिल्ह्याची बाल कल्याण समिती आईवडिलांचं हमीपत्र घेते, मुलीचं म्हणणं ऐकते.

पुढचं तुम्ही बरोबर ओळखलंत. नुसतं थांबवून भागत नाही. समितीसमोर जातानाच तिच्या शिक्षणाची सोय हातात ठेवा. तालुक्यातल्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात शाळा सुटलेल्या मुलींना घेतात. समाजकल्याणकडं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतून महिना ४००० रुपये प्रायोजकत्व मिळू शकतं, निकषात बसते का ते कक्षाला विचारा. आईला दाखवायला काहीतरी हातात हवं. “भरवसा कुणाचा” याचं उत्तर मिळालं तर बऱ्याच आया ऐकतात.

धागा लिहिणारी

तिघांचेही मनापासून आभार. महिला सभेची नोटीस ग्रामसेवकांकडून काढून घेतली. मुख्याध्यापक सर यादीला बसायला तयार आहेत, आशाताई तर आहेच. काल पहिल्या गल्लीतली अकरा घरं केली. त्यातच आजीजवळ राहणारी चार लेकरं निघाली.

मुलीशी बोलले. कस्तुरबा विद्यालयाचं सांगितलं तर डोळे भरले, आणि पहिला प्रश्न तिनं विचारला तो भावाचा. “मी तिथं राहिले तर फडावर त्याला कोण सांभाळील?” आई तिला सोबत नेते ते यासाठीसुद्धा.

सांगलीच्या सर, तुम्हालाच विचारते. तिचे आईवडील गाडी सेंटरला जाणार आहेत, तुमच्याच भागात. आई पहाटे चारला फडात उतरते. पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदीच्या ॲपवर) मी तिच्या भावाला तुमच्याकडच्या अंगणवाडीला जोडून देईन, पण ती दुपारी सुटणार. कारखान्याच्या आसपास तीन वर्षांच्या लेकराला संध्याकाळपर्यंत ठेवणारं पाळणाघर तुमच्या पाहण्यात आहे का? मी बुधवारी गटविकास अधिकाऱ्यांकडं ठरावाचं बोलायला जाणार आहे. त्याआधी कळलं तर तिच्या आईकडं परत जाऊन बसता येईल.