खाजनातली 'मानस' आणि घरचं सर्च इंजिन: वजनं फिरवत बसायचं की स्वतःचा इंडेक्स करायचा?

बालकाव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गावच्या वाचनालयात एक शेतकरी आले. मानशीच्या दुरुस्तीबद्दल आजवर वर्तमानपत्रांत आणि सरकारी कागदांत काय काय आलंय ते त्यांना हवं होतं. गोव्याबाहेर वाचणाऱ्यांसाठी सांगतो: खाजन म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेली सखल शेतं, आणि मानस म्हणजे त्या बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा दार आपसूक मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतं. हे दार मोडलं की खारं पाणी शेतात शिरतं आणि त्या वर्षीचं भात गेलं.

वाचनालयातल्या जुन्या लॅपटॉपवर मी सर्चएक्सएनजी बसवलेलं आहे. ते स्वतः वेब धुंडाळत नाही. आपला प्रश्न अनेक इंजिनांना विचारतं आणि आलेले निकाल एकत्र लावून दाखवतं. मी 'मानस दुरुस्ती बांध' टाकलं. मानसशास्त्र आलं, मानसिक आरोग्य आलं, आसामातलं मानस अभयारण्य आलं. मग 'मानशीची दुरुस्ती' टाकलं, तर 'मानसी' असं म्हणायचंय का, म्हणून मुलींच्या नावांचे अर्थ. ते गृहस्थ अर्धा तास बसले आणि रिकाम्या हाताने परत गेले. मला त्या दिवशी फार लागलं.

त्यानंतर दोन महिने मी सेटिंग्जच्या फायलीत डोकं घातलं. कुठल्या इंजिनाचं वजन (म्हणजे त्याच्या निकालांना किती मान द्यायचा ते) वाढवायचं, कुणाला किती सेकंद थांबायचं, कोण बंद करायचं. निकाल थोडे बदलले, मानस काही सापडली नाही. कारण गुण कसे मिळतात ते बघा. एखादा दुवा एकाच इंजिनात पहिला आला तर त्याला 1 गुण. दुसरा एखादा दुवा दोन इंजिनांत तिसरा आला, तर दोन्हीकडचे एक तृतीयांश मिळवायचे आणि इंजिनांच्या संख्येने, म्हणजे 2 ने गुणायचे. झाले 1.33. म्हणजे जे पान सगळ्यांना थोडंथोडं ठाऊक, ते वर येतं. आणि जे एकालाच नीट ठाऊक, ते खाली जातं. आमच्या गावची बातमी तर बहुतेक वेळा एकालाही ठाऊक नसते.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. ज्याच्याकडे वेळ आहे त्याने तो दुसऱ्यांचे निकाल चाळण्यात घालवू नये. आपल्या तालुक्यापुरता, आपल्या विषयापुरता छोटा इंडेक्स, म्हणजे कुठला शब्द कुठल्या पानात आहे याची शोधायला तयार सूची, करावा. त्यासाठी सोलर (Solr) हे सॉफ्टवेअर घ्या नाहीतर यासी (YaCy) घ्या, पण पानं आपण गोळा करा आणि शब्द आपण शिकवा. मी सोलरवर सुरुवात केली आहे.

रापणकार

मी गेली काही वर्षं फोंड्यातल्या एका ऑफिसचे सर्व्हर सांभाळतो, आणि तुमच्याशी अजिबात सहमत नाही.

पहिली गोष्ट, दोन महिने तुम्ही वजनं फिरवलीत पण मतदार, म्हणजे ती इंजिनं, तपासले नाहीत. स्टार्टपेज मुख्यतः गुगलचे निकाल आणतं. डकडकगोच्या वेब-निकालांचा मोठा भाग बिंगकडून येतो. या चौघांना एकत्र चालू ठेवलंत की एकाच घरातली दोन-दोन मतं पडतात, आणि तुम्ही सांगितलेला गुणाकार त्यांनाच फुगवतो. प्रत्येक जोडीतलं एक बंद करा, मग बोला.

दुसरं, कुठलं इंजिन खरोखर उत्तर देतंय ते पाहिलंत का? एखाद्याने कॅप्चा (माणूस आहात की यंत्र, ही चाचणी) पुढे केला की सर्चएक्सएनजी त्याला मूळ सेटिंगप्रमाणे 86400 सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस बाजूला ठेवतं. वाचनालयात सकाळी चार मुलांनी पटापट शोध घेतला की दुपारी तुमच्या शेतकऱ्याला उरलेल्या इंजिनांचं शिळंपाकं मिळणार. आकडेवारीचं पान उघडून कोण किती वेळा पडलं ते रोज बघायचं असतं. मूळ टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, 3 सेकंदांचा आहे. पावसात आपल्याकडची लाइन मंदावते तेव्हा तो वाढवला नाही, तर चांगलं उत्तर देणारं इंजिनही वेळेत पोचत नाही. नको त्या साइट खाली ढकलायला आणि हव्या त्या वर आणायला होस्टनेम्सचं प्लगइन आहे. हे सगळं एका संध्याकाळचं काम आहे.

तिसरं आणि खरं. स्वतःचा इंडेक्स म्हणजे गाय पाळणं. रोज चारा, रोज पाणी. साइटचा पत्ता बदलला, पानं गोळा करणारा क्रॉलर अडकला, डिस्क भरली, पहिल्या मोठ्या पावसात लाइट दहा वेळा आली-गेली. तुम्ही उद्या नोकरीसाठी बाहेर गेलात तर वाचनालयातला कोण सोलर उघडणार? सर्चएक्सएनजी बंद पडलं तर पुन्हा उभं करायला फक्त एक सेटिंग्जची फाईल लागते.

बालकाव

मतदारांची गोष्ट मान्य. स्टार्टपेज आणि गुगल दोन्ही चालू होते, काल एक काढलं. इंग्रजी शोधांत फरक लगेच दिसला. मराठीत मानस अजून नाहीच. जे पान त्यांच्यापैकी कुणी उचललेलंच नाही, किंवा उचललं पण 'मानशीची' म्हणजे 'मानस' हे ज्यांना कळत नाही, ते पान वजनाने कसं वर येईल?

हा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी गोम इथेच आहे. मराठीत विभक्ती लागण्याआधी शब्दाचं सामान्यरूप होतं. म्हैस-म्हशीचं, तसं मानस-मानशीचं. म्हापसा-म्हापशात, फोंडा-फोंड्याला, पेडणे-पेडण्याहून. इंग्रजीसारखी शेपटी कापून भागत नाही, आतलं अक्षरही बदलतं. सोलरच्या पोटात ल्युसीन हे शोधाचं सॉफ्टवेअर आहे. त्यात हिंदीसाठी आणि बंगालीसाठी शब्दांची रूपं ओळखणारे तयार अ‍ॅनालायझर येतात, मराठीसाठी नाही. मग मी स्वतः समानार्थी शब्दांची फाईल करतोय. मानस, मानशी, मानशीचा, मानशीची, मानशीला, मानशींची, सगळं एका ओळीत. ही फाईल शोध घेताना लावायची, इंडेक्स करताना नाही; म्हणजे नवा शब्द घातला की सगळी पानं पुन्हा चढवावी लागत नाहीत.

काल रात्री 'मानस' टाकलं आणि 'मानशींची डागडुजी' असं शीर्षक असलेली बातमी पहिली आली. मानसशास्त्र कुठेच नाही, कारण ते माझ्या ओळीत नाही. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

पोफळी

मी तुमच्या दोघांच्या मध्ये पडते, कारण मूळ हेतूच बाजूला राहतोय असं मला वाटतं. लोक घरी सर्च इंजिन बसवतात ते आपला माग कुणाला लागू नये म्हणून. आणि तिथे मोठा गैरसमज आहे. घरी एकट्याने सर्चएक्सएनजी चालवलं तर कुकी जात नाही हे खरं, पण प्रश्न तुमच्याच घरच्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावरून, जातो. समोरच्या इंजिनाला रोज त्याच पत्त्यावरून तेच तेच विषय येताना दिसतात.

वाचनालयासारखी जागा मला म्हणूनच योग्य वाटते. पंधरा-वीस जणांचे प्रश्न एका पत्त्यावरून गेले की कुणाचा कुठला ते बाहेरच्याला कळत नाही. मात्र आतल्याला कळू शकतं. बालकाव, तुमच्या लॅपटॉपवर वेब सर्व्हरचे लॉग, म्हणजे कुणी काय मागितलं याच्या नोंदी, चालू आहेत का? गावात सगळे एकमेकांना ओळखतात. कुणी आजाराबद्दल शोधलं, कुणी कोर्टातल्या दाव्याबद्दल शोधलं, तर तो शोध त्या लॉगमध्ये तारीखवेळेसकट पडलेला असू शकतो. सेटिंगमध्ये 'गेट' पद्धत असेल तर प्रश्न पत्त्याच्या ओळीतूनच जातो, म्हणून तो लॉगमध्ये उतरतो. पद्धत 'पोस्ट' ठेवा आणि लॉग बंद करा. हे आज करा, समानार्थी शब्द उद्या.

बालकाव

लॉग चालू होते. आत्ता बंद केले, जुनेही पुसले. हे मला आधीच सुचायला हवं होतं. मनापासून आभार.

पानवेल

मला या वादात तिसरं काही म्हणायचं आहे, आणि ते इंडेक्सवाल्यांना कदाचित आवडणार नाही. दोष इंजिनात कमी आणि मजकुरात जास्त आहे.

मी जुन्या मराठी कागदांचं स्कॅनिंग करते. युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरवून दिलेले संगणकी क्रमांक) येण्याआधीच्या फॉन्टमधल्या पीडीएफ आपल्याकडे भरपूर आहेत. डोळ्यांना देवनागरी दिसतं, पण मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गिचका येतो. इंजिनाला तोच गिचका दिसतो. जे नुसते स्कॅन आहेत त्यांत तर अक्षरच नाही, चित्र आहे. अशा कागदावर गुगलही आंधळं आणि तुमचं सोलरही आंधळं. आधी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राकडून ओळखून घेणं, करावं लागतं. टेसेरॅक्ट या ओसीआरच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठीसाठी तयार डेटा आहे, 300 डीपीआयचा सरळ स्कॅन असेल तर काम होतं. पण जोडाक्षरं आणि काने-मात्रे माणसाने बघून घ्यावेच लागतात.

जो मजकूर युनिकोडमध्ये आहे त्यातही फसगत असते. 'शेतकऱ्यांना' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: एकात नुक्त्याचा ऱ आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राला ते दोन वेगळे शब्द. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशनने (वेगवेगळी टंकलेली रूपं एकसारखी करण्याच्या नियमाने) हे दोन एक होत नाहीत, वेगळा नियम लिहावा लागतो. बालकाव, तुमच्या इंडेक्समध्ये तो नियम नसेल तर शेतकऱ्यांबद्दलची कितीतरी पानं तुम्हालाही दिसत नसतील.

म्हणून माझं मत असं की, गावचे कागद नीट युनिकोड करून वेबवर उघडे ठेवा. मग सगळ्यांनाच सापडतील, फक्त तुमच्या वाचनालयात येणाऱ्यालाच नाही. पणजीतलं मध्यवर्ती ग्रंथालय 1832 पासूनचं आहे. इतक्या जुन्या ठेव्याच्या राज्यात आपण शोधयंत्रावर भांडतोय आणि कागद कपाटात आहेत, याचं मला वाईट वाटतं.

रापणकार

पानवेल यांच्याशी शंभर टक्के सहमत. तीच मेहनत मजकुरावर घाला, त्याचा फायदा टिकतो.

बालकाव, तुमच्या इंडेक्सबद्दल एक तांत्रिक इशारा. तो सर्चएक्सएनजीला इंजिन म्हणून जोडता येतो, सोलरसाठी सोय आहे. पण त्याला वजन 2 देण्याचा मोह आवरा. मानशीसाठी छान वाटेल. मग कुणी 'पावाची रेसिपी' शोधली की तुमच्या इंडेक्समधलं 'पाव' असलेलं कुठलंही पान तिथे पहिलं येणार आणि 2 गुण घेऊन बऱ्याच चांगल्या पानांच्या वर बसणार. छोट्या इंडेक्समध्ये पहिला क्रमांक फार स्वस्त असतो. त्यापेक्षा त्याला स्वतंत्र टॅब द्या. ज्याला गावचं हवं तो तिथे जाईल.

बालकाव

अर्ध्या र चा नियम नव्हता. सकाळी घातला, पानं पुन्हा चढवली. 'शेतकऱ्यांना' या एका शब्दावर आधीपेक्षा कितीतरी जास्त पानं आली, त्यांतली काही मी महिन्याभरापूर्वी हाताने शोधत होतो. टॅबची सूचनाही घेतली. नाव ठेवलंय 'गाव'.

पण 'आधी मजकूर, मग इंडेक्स' हे मला पटत नाही. कुठला कागद आधी ओसीआर करायचा हे कसं ठरवणार? माणसं काय शोधतात आणि त्यांना काय मिळत नाही, हे कळलं तरच. आता लॉग ठेवायचे नाहीत हे ठरलंच आहे, म्हणून टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्याला उत्तर मिळालं नाही त्याने हवं तर शब्द लिहावा, नाव लिहू नये. पहिल्या आठवड्यातले शब्द: खाजन, कोमुनिदादीची (गावकऱ्यांच्या सामायिक संस्थेची) जमीन, बांधावरची वाट, चोडणची फेरीबोट. यातला एकही शब्द कुणा परदेशी इंजिनाने आपणहून शिकावा अशी अपेक्षा मी करत नाही. तो आपणच शिकवायचा आहे, आणि त्यासाठी शिकणारं काहीतरी आपल्या हातात हवं.

गाय पाळण्याचं म्हणाल, तर आमच्या गावात अजून गायी आहेत. अकरावीतली दोन मुलं रोज संध्याकाळी येतात, त्यांना क्रॉलर चालू-बंद करणं आणि समानार्थी फाईलमध्ये ओळ घालणं शिकवलंय. सोलरच्या आत त्यांना जायला लागत नाही. पानांच्या मूळ प्रती वेगळ्या डिस्कवर आहेत, इंडेक्स मोडला तर त्यांवरून पुन्हा होतो. वाचकाला आम्ही फक्त शीर्षक, दोन ओळी आणि मूळ साइटचा दुवा दाखवतो.

पोफळी

वही आवडली.

रापणकार

दोन मुलं बारावीला गेली की बोलू. माझं मत बदललेलं नाही, दुसऱ्या वर्षी अशी कामं थांबतात हे मी पाहिलंय.

तरी फाईल करताच आहात तर गावांची नावं विसरू नका. लोक इंग्रजी पाटीवरचं नाव देवनागरीत लिहून शोधतात. चोडण आणि चोराव एका ओळीत, हळदोणे आणि आल्दोना, लोटली आणि लुटोलिम, डिचोली आणि बिचोलिम, दिवाडी आणि दिवार. केरी मात्र जपून. एक सत्तरीत, एक पेडण्यात तेरेखोलच्या तोंडाशी, एक फोंडा तालुक्यात. तिथे नुसतं नाव पुरणार नाही, प्रत्येक पानाला तालुक्याचं वेगळं फील्ड (रकाना) द्यावं लागेल. शनिवारी सुट्टी आहे, हवं असेल तर ते फील्ड बसवून द्यायला येतो.