घेतलेल्या जमिनीचं जुनं नाव बदलावं का?

माळकरी: आम्ही भावंडांनी मिळून एकरभराचा तुकडा घेतलाय. आसपासचे लोक त्याला 'झिऱ्याची पट्टी' म्हणतात. घरात आता नवीन नावाची शोधाशोध सुरू आहे. कुणाला आईचं नाव हवंय, कुणाला 'नंदनवन'. मी मात्र जुन्या नावाच्या बाजूने आहे. गेल्या महिन्यात खोलीच्या पायासाठी खड्डा घेतला. संध्याकाळी कोरडा होता, सकाळी बघतो तर घोटाभर पाणी, आणि एका कडेची माती ढासळून आत आलेली. जोतं वरच्या अंगाला सरकवावं लागलं. मोजणीच्या नकाशात यातलं काही नव्हतं, नावात होतं. आपण पाटी बदलली तर पुढच्याला हे कोण सांगणार?

रानवारा: अजिबात पटलं नाही. झिऱ्याची नोंद कागदपत्रांसोबत ठेवा, नाव आईचंच द्या. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने १८११ मध्ये स्कॉटलंडात ट्वीड नदीकाठी शेत घेतलं, त्याला लोक 'क्लार्टी होल' म्हणायचे, म्हणजे चिखलाचा खड्डा. माहिती होतीच की त्या नावात! तरी त्याने बदलून 'अ‍ॅबट्सफर्ड' केलं. आमच्या जागेवर वडिलांच्या नावाची पाटी लागली तेव्हा आई त्या अक्षरांवरून बोट फिरवत कितीतरी वेळ उभी होती. हे समाधान जुन्या नावाने मिळालं नसतं.

माळकरी: आईंचं वाचून गलबललं. पण स्कॉट माझ्याच बाजूचा आहे. अ‍ॅबट्सफर्ड म्हणजे मठाधिपतींचा उतार. मेलरोझच्या मठातले लोक तिथून नदी ओलांडत, त्यावरून ते नाव. म्हणजे नवीन नावही त्याने त्याच जागेतून काढलं. 'नंदनवन' कुठल्याही जमिनीला चिकटवता येतं, माझा राग त्यावर आहे.

पाऊलवाट: व्यवहाराचंही बघा. दस्तात जमीन क्रमांकाने आणि चतुःसीमेने ओळखली जाते, नाव काहीही ठेवलं तरी मालकीला फरक पडत नाही. नाव लागतं ते माणसांना पोचण्यासाठी. गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले तेव्हा नावाच्या साधर्म्यामुळे पत्रं शेगावला जायची. शेवटी १९४० मध्ये सेगावचं 'सेवाग्राम' झालं. घोळ होत असेल तर जुनं नावही बदलावं. तुमची पट्टी सगळ्यांना सापडते ना? मग राहू द्या.

रानवारा: गांधीजींचंच दुसरं उदाहरण घ्या. त्यांचे दक्षिण आफ्रिकेतले मित्र हर्मान कॅलनबाख यांनी १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळची सुमारे ११०० एकर जमीन सत्याग्रहींना वापरायला दिली. तिचं नाव 'टॉलस्टॉय फार्म'. साधं राहणं आणि अंगमेहनत यांचा आग्रह धरणारे रशियन लेखक टॉलस्टॉय तिथे कधी गेलेही नव्हते. पण तिथे कसं राहायचं, कसं राबायचं, ते त्या नावातून कळत होतं. माणसाचं नाव म्हणजे निव्वळ हौस नव्हे. ज्या आईच्या शिकवणीवर तुम्ही भावंडं एकत्र राहून जमीन घेऊ शकलात, तिचं नाव त्या मातीला परकं कसं?

माळकरी: परकं नाही, हे मान्य. मग घराला आईचं नाव देतो आणि फाटकावर 'झिऱ्याची पट्टी' ठेवतो. त्यापुढे मी सरकणार नाही.

रानवारा: उलट करा. घरापर्यंत येणारे ओळखीचेच असतात, त्यांना आई माहीत आहेत. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला त्यांचं नाव वाचता आलं पाहिजे.