सोव्हिएत जॅमिंग असताना लोक बाहेरची स्टेशनं ऐकायचे कसे?

प्रश्न: १९४८ पासून व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी रेडिओवर जॅमिंग (त्याच फ्रिक्वेन्सीवर मुद्दाम घरघर सोडून प्रसारण दाबणं) सुरू झालं असं वाचलं, मग एवढ्या घरघरीतून लोकांना काही कळायचं कसं? की नुसत्या ऐकीव गोष्टी?

उत्तर १: ऐकीव नाही, खरंच ऐकायचे. शहरातले जॅमर ग्राउंड वेव्हवर (जमिनीलगत जाणाऱ्या लहरींवर) चालायचे, त्यांचा जोर काही किलोमीटरच, त्यामुळे शहराबाहेर दाचावर (सुट्टीतल्या घरी) गेलं की आवाज बराच मोकळा यायचा. लांबचे जॅमर स्कायवेव्हवाले, म्हणजे आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतून येणारे, आणि खरी गंमत इथेच आहे. हे जॅमर पूर्वेला असले तर तिकडे अंधार आधी पडतो, वरच्या फ्रिक्वेन्सी तिथून परतेनाशा होतात, पण पश्चिमेकडच्या स्टेशनच्या वाटेवर अजून उजेड असतो, म्हणून संध्याकाळी थोडा वेळ सिग्नल स्वच्छ मिळायचा!

उत्तर २: वरच्याशी सहमत, फक्त एक भर. तिथल्या बहुतेक रेडिओंत २५ मीटरच्या खालचे बँडच (शॉर्टवेव्हचे पट्टे, तरंगलांबीवरून ओळखले जाणारे) नसायचे, म्हणून जाणकार लोक सेट उघडून १९, १६ मीटर बसवून घ्यायचे. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

प्रश्नकर्ता: भारी माहिती, आभार! आणि हे बंद कधी झालं?

उत्तर १: बीबीसी आणि व्हॉइस ऑफ अमेरिकावरचं १९८७ मध्ये, रेडिओ लिबर्टीवरचं (सोव्हिएत श्रोत्यांसाठीचं, अमेरिकी पैशावर चालणारं स्टेशन) नोव्हेंबर १९८८ मध्ये.