सायटिका: दुर्बिणीतून ऑपरेशन करून घ्यावं की थांबावं? अनुभव सांगा

आईला (वय ६१) तीन महिने डाव्या कुल्ल्यापासून पावलापर्यंत कळ जाते. एमआरआयमध्ये कमरेच्या एल४-एल५ मणक्यांमधली गादी सरकून नस दाबलेली दिसतेय. डॉक्टर दुर्बिणीतून तुकडा काढू म्हणतात. छेद सेंटीमीटरभराचा, दुसऱ्या दिवशी घरी. ओट्याशी एक पाय पाटावर ठेवून ती पोळ्या लाटते, बघवत नाही. केलेल्यांनी आणि टाळलेल्यांनी, दोघांनीही लिहा.

———

माझी एल५-एस१ची, म्हणजे त्याखालची गादी सरकली होती. भूल जागेपुरतीच, पालथं झोपवलेलं. सर मधूनमधून विचारायचे, "पायात कळ जाते का?" नसेला धक्का लागला तर पेशंटच सांगतो, म्हणून जागं ठेवतात. त्याच संध्याकाळी उभी राहिले तेव्हा कळ गेलेली होती! पायाच्या करंगळीचा बधिरपणा मात्र चार महिने राहिला आणि कंबर अजून दुखते. ऑपरेशन पायाच्या कळेसाठी असतं, कंबरदुखीसाठी नाही, हे आधीच नीट विचारून घ्या.

———

मलाही लगेच आराम पडला होता. पाचव्या महिन्यात भरलेली बादली उचलली आणि त्याच जागेतून गादी पुन्हा बाहेर. बाहेर आलेला तुकडाच काढतात, बाकीची गादी तिथेच असते. दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं.

———

बाबांनी आधी नसेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. दोन महिने बरे गेले, तेवढ्यात चालणं आणि व्यायाम सुरू झाला. पण साखर चार दिवस ३००च्या वर! आईंना मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

———

मी थांबलो, पाच महिन्यांत बरा झालो. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांचा अभ्यास झालाय (२००७): लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र पुढे ऑपरेशन लागलंच.

———

ताई, थांबणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. माझ्या भावाची रात्री लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली. आम्ही सकाळची वाट पाहिली, ती पाहायला नको होती. त्याला अजून नळी घालावी लागते. असं झालं किंवा पाऊल लुळं पडलं, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

———

वाचून लगेच आईला टाचांवर चालायला लावलं. उजवं पाऊल उचललं, डाव्याचा चवडा नीट उचलला जात नाहीये. आम्ही आत्ताच निघतोय.