सुक्या बोंबलांवरची ही माशी नक्की कुठली? मदत हवी आहे

मंडळी, हर्णैला वलांडीवर (मासळी वाळवायच्या बांबूंच्या मांडवावर) वाळत घातलेल्या बोंबलांवर या चकचकीत हिरव्या-निळ्या माश्या होत्या, फोटो टाकलेत. डोळे मोठे लालभडक, गाल नारिंगी, म्हणून मला क्रायसोमाया मेगासेफाला ही जात वाटतेय, सुक्या मासळीला तीच फार त्रास देते. पण कडक उन्हातल्या फोटोत रंगावर किती भरवसा ठेवायचा? तिच्याच गटातली दुसरी जात, क्रायसोमाया रुफिफेसीस, वेगळी काढायला छातीवरचं पुढचं श्वासरंध्र बघतात, मेगासेफालात ते काळपट असतं आणि रुफिफेसीसमध्ये पांढरट, आणि नेमकं तेच पायाआड गेलंय. तिसऱ्या फोटोतल्या नराच्या डोळ्यात वरचे पैलू (डोळ्यातले बारीक कप्पे) मोठे, खालचे एकदम बारीक, मधे स्पष्ट रेघ आहे, एवढ्यावर नाव पक्कं धरता येईल का? की बाजूने परत मॅक्रो (अगदी जवळून फोटो) काढू? जाणकारांनी प्लीज सांगा, मला नोंद चुकीच्या नावाने टाकायची नाहीये.